अनुशेषाच्या पलीकडे : महाराष्ट्रातील आंतरविभागीय आर्थिक सहकार्याची चिकित्सा

राज्यांतर्गत विभागांमध्ये आर्थिक सहकार्य कसे वाढवावे, या प्रश्नाची महाराष्ट्रातील चर्चा प्रामुख्याने ‘अनुशेष’ या संकल्पनेभोवती फिरत राहिली आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हा हा घटक व राज्याची सरासरी हा निकष मानून ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, तर मराठवाड्याचा २३.५६ टक्के होता. मागासलेपणाच्या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळाला, हे या अहवालाचे श्रेय निर्विवाद आहे. अनुच्छेद ३७१(२) अन्वये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपलेल्या विकास मंडळांच्या काळातही चर्चेची चौकट हीच राहिली.

मात्र या पद्धतीत प्रत्येक जिल्ह्याची तुलना सरासरीशी होते. जिल्ह्यांमधील परस्परसंबंध मोजला जात नाही. परिणामी विभाग हा निधीचा दावेदार ठरतो, भागीदार ठरत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जाते. राख मात्र तेथेच उरते. कापूस विदर्भात पिकतो. यंत्रमागांची मोठी केंद्रे इचलकरंजी, भिवंडी व मालेगाव येथे आहेत. अनुशेषाच्या तक्त्यात या देवाणघेवाणीसाठी रकानाच नाही.

असे संबंध नियमबद्ध करता येतात, हे गोदावरी खोऱ्यात दिसते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीनुसार तुटीच्या वर्षी नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. हा वाद न्यायालयात गेला, हे खरे. तथापि तुटीचा भार वाटून घेण्याचे तत्त्व त्यातून रुजले.

सहकार्याची भाषा ही अनुशेष टाळण्याची पळवाट ठरेल, असा आक्षेप विदर्भ-मराठवाड्यातून घेतला जाऊ शकतो. तो रास्त आहे. म्हणूनच सहकार्य हा अनुशेषाला पर्याय नसून त्याची पुढची पायरी मानली पाहिजे. वीज, कापूस व पाणी यांच्या आंतरविभागीय प्रवाहाची नियमित नोंद आणि उत्पादक जिल्ह्याला मूल्यवर्धनात निश्चित वाटा, या दोन गोष्टींपासून आरंभ करता येईल. अन्यथा निधीचे वाटप होत राहील आणि विभाग परस्परांना परकेच राहतील.