'आपल्या घरां'ची भीती

पॉल फार्मर यांचं 'पॅथॉलॉजीज ऑफ पॉवर' (२००३) तुम्ही वाचलं नसेल, तर निदान त्यातलं रशियन तुरुंगांमधल्या क्षयावरचं प्रकरण वाचाच. मी ते इथे कॉर्कमध्ये दोन रात्रींत वाचलं. जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे औषधांना दाद न देणारा क्षय मला माहीत होता. तुरुंग माहीत नव्हता.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर खचाखच भरलेल्या कोठड्यांत क्षय पसरला. अनेक कैद्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन चालत नव्हती, तरी स्वस्त म्हणून तीच दिली गेली. अशाने रोग बरा होत नाहीच, उलट उरलेली औषधंही निकामी होऊ शकतात. चोरीसाठी आत गेलेला माणूस असा मेला, तर ही शिक्षा त्याला कोणत्या न्यायालयाने दिली? इथे फार्मर यांचा राग पूर्णपणे पटतो. आणि तो नुसता राग नव्हता. सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये त्यांच्या संस्थेने तुरुंगात आणि बाहेर योग्य औषधं दिली. २४४ रुग्णांच्या एका गटात ७७ टक्के बरे झाले.

मला खटकतं ते शीर्षक: 'अ प्लेग ऑन ऑल अवर हाउसेस?' शेक्सपिअरच्या शापाला दिलेली ही कलाटणी सुचवते की रोग भिंती मानत नाही, उद्या आपल्या घरी येईल. पैसेवाल्यांना हलवायला हे उपयोगी, कबूल. पण भीतीपोटी सुरू झालेलं औषध भीती ओसरली की बंद पडतं. इथल्या नोएल ब्राउन यांचं 'अगेन्स्ट द टाइड' (१९८६) शेजारी ठेवून पाहा. आईवडील क्षयाने गेले, स्वतःलाही क्षय झाला, आणि १९४८ मध्ये हा माणूस आरोग्यमंत्री झाला. त्यांचा राग घरातला होता. कैद्यासाठी असं भांडणारं घर क्वचितच असतं, म्हणून त्याच्याबाबत हक्काचीच भाषा हवी. ती फार्मरना उत्तम येते. शीर्षकात मात्र ते डगमगले.

आपल्याकडे तर २०२२ अखेर सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे गुन्हा सिद्धच न झालेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बेडाक्विलिनसह सहा महिन्यांचा उपचार सुचवला. पूर्वी दीड-दोन वर्षं लागायची. पण तिसऱ्या महिन्यात जामीन मिळाला तर? सुटकेच्या कागदांबरोबर पुढच्या गोळ्या आणि घराजवळच्या क्षय केंद्राचा पत्ता त्याच्या हातात पडायला हवा, शेजाऱ्यांना भीती वाटो न वाटो.