फुप्फुसाचा क्षय, रक्तपेशी आणि आनुवंशिकतेचा दावा

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखविले आणि 'घराण्याचा रोग' ही समजूत निदान शास्त्रापुरती मोडीत निघाली. (सोयरीक जुळविताना ती अद्याप डोके वर काढते, हा भाग निराळा.) आता प्रतिकारक रक्तपेशींच्या निमित्ताने आनुवंशिकतेची भाषा पुन्हा बोलली जात असल्याने तिच्यामागील पुराव्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

जनुकांचा प्रभाव नाकारता येत नाही. इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहीत जन्मजात दोष असलेल्या बालकांना एरवी निरुपद्रवी असणारे मायकोबॅक्टेरियाही गंभीर आजारी पाडतात, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. मात्र असे दोष अतिविरळ होत. सर्वसामान्य रुग्णांविषयी १९९८ साली गांबियातील ४१० रुग्ण व ४१७ निरोगी व्यक्तींच्या तुलनेत, भक्षकपेशींत कार्य करणाऱ्या एनरॅम्प-१ जनुकातील भेदांचा रोगाशी संबंध आढळला. पुढे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४,१५३ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात संपूर्ण जनुकसंचातून एकच स्थान कसोटीस उतरले. तेही एनरॅम्पचे नव्हे, तर जंतूंचे अंश लिम्फोसाइटांपुढे मांडणाऱ्या एचएलए वर्ग-२ च्या प्रदेशातील.

खरी अडचण पद्धतीची आहे. आजार जडल्यावर रुग्णाचे रक्त घ्यायचे, परीक्षानळीत लिम्फोसाइटांना प्रतिजनाने उद्दीपित करायचे आणि प्रतिसादातील फरक जनुकभेदाच्या खाती मांडायचा, अशी अनेक अभ्यासांची रीत आहे. परंतु याच पेशींवर आजार, औषधे व कुपोषण यांचाही परिणाम होतो. शिवाय लढणाऱ्या पेशी फुप्फुसाकडे गेलेल्या असतात. नळीत उरलेल्या येतात. लंडन व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या रक्तात २०१० मध्ये न्यूट्रोफिलप्रधान इंटरफेरॉन-प्रतिसाद आढळला आणि उपचारानंतर तो १२ महिन्यांत मावळला. जन्मजात जनुकभेद उपचाराने मावळत नाही. म्हणजे येथे मोजली गेली ती रोगाची अवस्था.

झारखंडमधील प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या घरातील व्यक्तींना दरमहा शिधा व सूक्ष्मपोषके दिली असता, तो न मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. जनुकीय शोधनिबंधांत रुग्णाच्या वजनाचा साधा रकानाही नसावा, हे म्हणूनच खटकते. संपर्कातील व्यक्तींचे रक्त आजारापूर्वीच घेऊन, वजन व आहार नोंदवून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तर जनुकाचा वाटा वेगळा काढता येईल. असे काम खर्चिक आहे आणि एका महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाही.