लेकराचे चित्र : कौतुक आणि परीक्षण

सावेडीतल्या आपल्या कोणत्याही घरी गेलो, तर फ्रिजच्या दारावर किंवा अभ्यासाच्या टेबलावरील भिंतीला एक चित्र चिकटवलेले हमखास आढळते. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली निळी नदी, काठावर कौलारू घर, त्याशेजारी वाकलेले नारळाचे झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणांसारखे चार पक्षी. शाळेत ह्याला 'देखावा' म्हणतात. घरभेटींच्या निमित्ताने असे देखावे आम्ही किती पाहिले असतील, ह्याची गणती नाही. प्रत्येक वेळी आई ते चित्र कौतुकाने दाखवते, आणि पाहुणा 'वा, छान!' म्हणून चहाच्या कपाकडे वळतो.

आता ह्या देखाव्याचे जरा परीक्षण करू. आपल्या नगरात (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर) नदीकाठी नारळाचे वन कोणी पाहिले आहे? इथे कडुनिंब आहे, बाभूळ आहे, उन्हाळ्यात पेटलेला गुलमोहर आहे. डोंगर आहेत, पण ते त्रिकोणी नाहीत. माथ्यावर सपाट, अंगाने पिवळट आणि पावसाळ्याचे थोडे दिवस हिरवे. शहराच्या पूर्वेला डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर उभी आहे. तिला आपण सारे चांदबिबीचा महाल म्हणतो, आणि ती दुरूनही दिसते. भिस्तबाग महाल तर सावेडीतच आहे. ह्यातले काहीही मुलाच्या वहीत उतरत नाही. म्हणजे तो देखावा मुलाने पाहिलेला नसतो. तो त्याला दिलेला असतो. ज्या चित्राचे आपण सर्वांत अधिक कौतुक करतो, त्यात मूल सर्वांत कमी असते. नाताळातल्या रंगभरण स्पर्धांची गतही वेगळी नाही. छापील गोठ्यावर बर्फ साचलेले, मागे सूचिपर्णी वृक्ष, आणि ज्याचा रंग रेषेबाहेर गेला नाही त्याला पहिले बक्षीस!

ह्याउलट एक चित्र आमच्या मनातून जात नाही. पाइपलाइन रस्त्याच्या आतल्या बाजूला एका घरी सहा वर्षांच्या मुलीने गृहपाठाच्या पाठकोऱ्या कागदावर पाण्याचा टँकर काढला होता. टँकर लहान, रांगेतली माणसे त्याहून लहान, आणि पुढे एक म्हातारी घराएवढी मोठी. तिचे हात गुडघ्यांखाली पोहोचलेले, बोटे फावड्यासारखी. हातातल्या हंड्याच्या आतले निळे पाणी बाहेरून दिसत होते. आईला त्या चित्राचा संकोच वाटला. "फादर, हे नका बघू. अहो, हात बघा केवढे काढलेत! आणि हंडा काय काचेचा असतो का? हिला देखावा सुंदर येतो, तो दाखवते." मुलगी पुटपुटली, "पाणी आहे का संपलं, ते कळायला नको का?"

ह्या एका वाक्यात अर्धे कलाशास्त्र आहे. फ्रेंच अभ्यासक ल्यूके ह्यांनी १९२७ साली मुलांच्या चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा. हंड्यात पाणी आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणून ते दिसलेच पाहिजे. पुढे १९४७ मध्ये व्हिक्टर लोवेनफेल्ड ह्यांनी दाखवले की, ह्या वयात आकाराचे माप अंतरावरून ठरत नाही, ते महत्त्वावरून ठरते. जे मनात मोठे, ते कागदावर मोठे. म्हातारीचे हात चुकलेले नव्हते. रोज टँकरपासून घरापर्यंत हंडा आणणारे ते हात त्या घरात खरोखरच सर्वांत मोठे होते. आम्ही एवढेच विचारले, "ही कोण?" मुलगी म्हणाली, "आजी." आईने कागद पुन्हा हातात घेतला आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. सासूच्या हातांकडे असे पाहण्याची वेळ तिच्यावर बहुधा प्रथमच आली असावी.

तेव्हा 'छान' म्हणणे हे कौतुक नव्हे. ती पाहण्यातून सुटका आहे. कौतुक ही परीक्षणाचीच एक जात आहे: आधी पाहावे, मग विचारावे, आणि बोलायचेच तर समोरच्या कागदाविषयी बोलावे. अमेरिकेत १९९८ साली म्युलर आणि ड्वेक ह्या दोन संशोधिकांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे अवघड काम टाळू लागली. 'तू मेहनत घेतलीस' असे ऐकलेली मुले अवघडाकडे वळली. ते प्रयोग चित्रकलेचे नव्हते, हे खरे. परंतु 'आमची बेबी आर्टिस्ट आहे' असे पाहुण्यांसमोर रोज सांगणाऱ्या आईबापांनी त्यांचा विचार करावा. 'आर्टिस्ट' ठरलेली बेबी मग तोच देखावा पुन्हा पुन्हा काढते, कारण त्यात धोका नसतो.

पदवी किती चिकटते, ह्याचे मराठीतले मोठे उदाहरण आपल्याच गावच्या एका घराशी जोडलेले आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा धरणगावात जन्मलेला मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात उभा राहिला, तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांनी त्याला 'बालकवी' म्हटले. गौरव मनापासूनचा होता. पण १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हाही तो बालकवीच होता, आणि आजही आहे. त्याच्या कवितेतली काळोखी, उदास बाजू वाचकांच्या ध्यानात उशिरा आली, ह्याला हे गोड नावही थोडे कारण झाले असावे, असे आमचे मत आहे.

ह्याच मुलाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरच्या आपल्या घरात ठेवून घेतले. टिळक प्रॉटेस्टंट मिशनचे आणि ठोंबरे हिंदू. तो हिंदूच राहिला आणि त्या घरचाही झाला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना एक गोष्ट नजरेत भरते: त्या ह्या मुलाला कवी म्हणून मखरात बसवत नाहीत. लहरी, हळवा, रुसणारा, समजूत काढावी लागणारा असा तो त्यांच्या लेखणीतून उतरतो. संमेलनाने कवितेला टाळ्या दिल्या. ह्या घराने कविता करणाऱ्याला घर दिले. टिळक स्वतः फुलामुलांचे कवी, तेव्हा कवितेची पारख त्या घरात होतीच. पण पारखीच्या आधी पानावर वाढलेले असे. आमच्या दृष्टीने हे कौतुक अधिक मोलाचे. समीक्षकांनी त्यावर जेवढे लिहायला हवे होते तेवढे लिहिलेले नाही. समीक्षकांना स्वयंपाकघर दिसत नाही, हा त्यांचा जुना दोष आहे.

दुसरे उदाहरण वेगळ्या वळणाचे. सई परांजपे ह्यांचे 'मुलांचा मेवा' हे गोष्टींचे पुस्तक त्यांच्या वयाच्या आठव्या वर्षी छापले गेले. मागे आई होती: शकुंतला परांजपे. मुलगी गोष्टी रचते हे त्या माउलीने पाहिले, पण शेजारणीपुढे तिच्याकडून गोष्ट म्हणवून घेण्यावर ती थांबली नाही. तिने मुलीला नेमाने लिहायला बसवले. ह्यात शिस्तीचा काच होता का? असेलही. आठ वर्षांच्या मुलाचे पुस्तक काढण्याची घाई आम्ही कोणाला सुचवणार नाही. आजच्या काही पालकांना तर ह्या उदाहरणापासून दूरच ठेवावे. परंतु ह्या आईने मुलीच्या गोष्टीला काम मानले, खेळणे मानले नाही, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. भिंतीला चिकटवलेले चित्र आठ दिवसांत कोणाला दिसेनासे होते. 'आता पुढे काय काढणार?' हा प्रश्न मात्र मुलाला पुन्हा कागदापाशी नेतो.

टिळकांच्या घरात ह्या नात्याचा उलटा प्रवासही घडला. लक्ष्मीबाई लग्नानंतर अक्षरे शिकल्या. त्यांच्या आठवणींत किती ऐवज आहे, हे मुलाने, देवदत्तांनी ओळखले आणि आईला लिहिते केले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध झाली. तिच्यातली भाषा घरात बोलावी तशी आहे, वाक्ये ओसरीवर बसून सांगितल्यासारखी. शाळामास्तराने लाल शाई घेऊन ती तपासली असती, तर काय उरले असते कोण जाणे. पुढे 'ख्रिस्तायन' हे टिळकांचे अपुरे राहिलेले काव्यही लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन बरेचसे लिहिले, आणि १९३६ साली त्यांचे निधन झाल्यावर त्याचा शेवट देवदत्तांनी केला.