व्हिडिओ-खेळांच्या ‘पिढ्या’ आणि निफाडची बाजारपेठ : एका कालविभागणीची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

व्हिडिओ-खेळांच्या इतिहासलेखनात यंत्रांची ‘पिढ्यां’मध्ये विभागणी करण्याची पद्धत आता सर्वमान्य झाली आहे. १९७७ साली अमेरिकेत निघालेले अटारीचे यंत्र दुसऱ्या पिढीचे, १९८३ साली जपानात निघालेले निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ तिसऱ्या पिढीचे, १९८८ चे सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ चौथ्या पिढीचे आणि २००० सालचे सोनीचे ‘प्लेस्टेशन २’ सहाव्या पिढीचे, असा तिचा क्रम आहे. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या दरम्यान, १९८३ साली अमेरिकन बाजार कोसळल्याची घटना सीमास्तंभासारखी उभी केली जाते. स्टीव्हन केंट यांच्या ‘द अल्टिमेट हिस्टरी ऑफ व्हिडिओ गेम्स’ (२००१) या परिचित ग्रंथाची मांडणीही मुख्यतः अमेरिका व जपान येथील कंपन्यांच्या उदयास्ताभोवती झालेली आहे.

या विभागणीतून एक उपसिद्धान्त आपोआप निघतो. नवी पिढी आली की जुनी वापरातून जाते. काही वर्षे अडगळीत पडते. आणि तिच्याशी बालपण निगडित असलेली माणसे मिळवती झाली की तीच वस्तू ‘रेट्रो’ म्हणून, स्मृतिमूल्यासह, बाजारात परत येते. हा क्रम वस्तूच्या स्वभावातच आहे असे गृहीत धरले जाते आणि ज्या प्रदेशात तो आढळत नाही त्या प्रदेशाला ‘मागे पडलेला’ ठरविले जाते. हे गृहीत नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या तालुक्याच्या संदर्भात तपासून पाहणे, आणि ते न टिकल्यास कोणत्या परिमाणाने त्याची जागा घ्यावी याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. रानडे यांच्या विचाराचा दाखला

या चिकित्सेसाठी लागणारी दृष्टी निफाडशीच जन्माने संबद्ध असलेल्या एका विचारवंताने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दिलेली आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाड येथे झाला. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिले, त्याचा गाभा असा की, अभिजात अर्थशास्त्राचे सिद्धान्त इंग्लंडमधील विशिष्ट परिस्थितीतून निघालेल्या गृहीतांवर उभे आहेत. मुक्त स्पर्धा, श्रम व भांडवल यांची गतिशीलता, स्वहितप्रेरित व्यक्ती ही ती गृहीते होत. ज्या समाजात स्पर्धेपेक्षा रूढी आणि करारापेक्षा जन्मप्राप्त स्थान बलवत्तर असते, तेथे हे सिद्धान्त जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

रानडे यांनी अर्थशास्त्रच नाकारले असा याचा अर्थ नव्हे. सिद्धान्त कोणत्या भूमीत उगवला हे विसरून त्याला विश्वनियमाचा दर्जा देणे एवढेच त्यांनी नाकारले. ‘पिढ्यां’च्या इतिहासाविषयी नेमका हाच आक्षेप घेता येतो.

३. कालक्रमाची उलथापालथ

भारतात १९८३ साली कोसळण्याजोगा व्हिडिओ-खेळांचा बाजारच नव्हता. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. खेळाचे यंत्र दूरदर्शनसंचाला जोडावे लागत असल्याने त्याचा प्रसार संचाच्या प्रसारावर अवलंबून होता. अमेरिकन इतिहासातील सीमास्तंभ येथे कोणतीच सीमा दाखवीत नाही.

पुढील क्रमही तसाच विस्कटलेला आहे. सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात १९९५ साली, मद्यव्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या शॉ वॉलेस या कंपनीमार्फत आले. आयातशुल्क त्या वेळी ८० टक्के होते आणि यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. जपानात त्याच्या पुढील पिढीची यंत्रे १९९४ सालीच विक्रीस आली होती. याउलट, भारतीय मध्यमवर्गाच्या व ग्रामीण कुटुंबांच्या घरी प्रत्यक्षात पोहोचले ते १९८३ च्या ‘फॅमिकॉम’चे अनुकरण करून बनविलेले स्वस्त यंत्र. ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ आणि इतर असंख्य नावांनी ते विकले गेले. १९९० च्या दशकात, किंबहुना त्यानंतरही, ते कोऱ्या वस्तू म्हणून विकत घेतले जात होते. म्हणजे तिसरी पिढी चौथीच्या बरोबरीने आणि पाचवीच्या समोर ‘नवी’ म्हणूनच उभी होती. ‘प्लेस्टेशन २’ चे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचा उत्तराधिकारी २००६ साली अवतरला. तरी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतात तयार झालेला खेळ २००९ साली जुन्या यंत्रासाठीच प्रसिद्ध करण्यात आला. निर्मात्यांच्या दृष्टीने भारतीय ग्राहक तेथेच होता.

हा केवळ विलंब आहे, असे म्हणून प्रश्न मिटत नाही. विलंब असता तर तोच क्रम काही वर्षे उशिरा आढळला असता. येथे क्रमच वेगळा आहे आणि त्याची कारणे शुल्क, प्रक्षेपणपद्धती व दुरुस्तीची सोय यांत आहेत. भारताने ‘पॅल’ पद्धती स्वीकारली, तर जपान व अमेरिका यांची पद्धती ‘एनटीएससी’ होती. पहिलीत चित्र सेकंदाला ५० वेळा आणि दुसरीत ६० वेळा उमटते. जपानी खेळ पॅल संचावर चालविणे ही त्यामुळे एक तांत्रिक अडचण होती, आणि नकलांमध्ये वापरलेल्या तैवानी बनावटीच्या काही चकत्यांनी ती आपल्या परीने सोडविली होती. पॅल देशांसाठी निघालेल्या निन्टेन्डोच्या अधिकृत यंत्रापेक्षा या नकलांत संस्कारक व चित्र यांच्या वेळेचे प्रमाण मूळ जपानी यंत्राच्या अधिक जवळ राखले होते. ‘नक्कल’ म्हणून हिणविलेली वस्तू स्थानिक गरजेला अधिक अनुरूप असू शकते, हे यावरून लक्षात येते.

भाषेचा पुरावाही येथे विचारात घेण्याजोगा आहे. खेळाच्या सुट्या भागाला महाराष्ट्रात सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणतात. ध्वनिफितीच्या व्यापारातून आलेला हा शब्द त्या वस्तूला सहज चिकटला. जपानातही ‘कॅसेट’ असाच शब्द रूढ झाला आणि ब्राझीलमध्ये ‘फीत’ या अर्थाचा. नवी वस्तू कोणत्या जुन्या वस्तूच्या शेजारी जाऊन बसली, हे असे शब्द सांगतात. ‘पिढी’ हा शब्द ते सांगत नाही.

४. ‘देश’ हे परिमाण पुरेसे आहे काय?

अमेरिका व जपान यांच्यापुरत्या इतिहासाची उणीव अभ्यासकांच्या ध्यानात आली नाही असे नाही. मार्क वुल्फ यांनी संपादित केलेल्या ‘व्हिडिओ गेम्स अराउंड द वर्ल्ड’ (२०१५) या ग्रंथात देशवार प्रकरणे आहेत. यारोस्लाव्ह श्वेल्ख यांचा चेकोस्लोव्हाकियाविषयीचा ग्रंथ (२०१८) तर हौशी संगणकप्रेमींनी टंचाईच्या काळात स्वतःचे खेळविश्व कसे उभारले याचा आदर्श अभ्यास आहे. देशवार तुलनेने पुष्कळ काही उलगडते. ब्राझीलमध्ये टेकटॉय या कंपनीने १९८९ पासून सेगाचे ‘मास्टर सिस्टिम’ देशातच तयार केले, खेळांत स्थानिक चित्रकथांतील पात्रे घातली आणि ते यंत्र दशकानुदशके जिवंत ठेवले. रशियात १९९२ साली ‘डेंडी’ या एकाच नावाने फॅमिकॉमची नक्कल घरोघर गेली. त्यामुळे या दोन्ही देशांत जुन्या यंत्राला एक नाव, एक बोधचिन्ह आणि सामायिक स्मृती आहे. भारतात मात्र नावे अनेक, आयुष्य अल्प आणि नोंद जवळपास नाही.

तथापि देश हे परिमाण निफाडपर्यंत येऊन पोहोचत नाही. एकाच नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या यंत्रमाग-वस्तीत व्हिडिओ पार्लर आणि लग्नाच्या चित्रणाचा कॅमेरा यांतून ‘मालेगाव के शोले’ (२०००) सारखे चित्रपट निर्माण झाले. त्याच वस्तूंचा उपयोग अन्यत्र इतका निर्मितिक्षम ठरला नाही. खुद्द निफाड तालुक्यातही दोन निराळी अर्थकारणे शेजारी नांदतात. ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानकारखाना स्थापन झाला. तेथील वसाहतीचे उत्पन्न मासिक वेतनाचे आहे. काही मैलांवर पिंपळगाव बसवंत आणि लासलगाव येथे उत्पन्न येते ते द्राक्षांच्या काढणीनंतर आणि कांद्याच्या लिलावानंतर. वेतनदार कुटुंब दिवाळीपूर्वी हप्त्याने संच घेऊ शकते. बागायतदाराची मोठी खरेदी मात्र सामान्यतः जानेवारी ते एप्रिल या द्राक्षहंगामाचा हिशेब झाल्यावर, लग्नसराईच्या तोंडावर होते, आणि अवकाळी पाऊस वा गारपीट झाली तर ती वर्षभर पुढे ढकलली जाते. कोणती वस्तू केव्हा ‘नवी’ ठरते हे येथे टोकियोच्या घोषणेपेक्षा अशा ऋतुचक्रावर अधिक अवलंबून असते.

५. ‘रेट्रो’ होण्याच्या अटी

वस्तू ‘रेट्रो’ होण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ती वापरातून गेली पाहिजे, जपून ठेवली गेली पाहिजे आणि पुन्हा बाजारात आल्यावर तिची प्रत ठरविणारी यंत्रणा असली पाहिजे. अमेरिकेत या तिन्ही अटी टोकाला पोहोचल्या आहेत. २०२१ साली ‘सुपर मारिओ ६४’ ची एक न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. ही किंमत खेळाची नव्हे. ती वेष्टनाची आणि त्यावर तज्ज्ञ संस्थेने दिलेल्या गुणांकाची आहे.

प्रतवारी आणि कागदपत्रे यांनी किंमत बदलते, ही गोष्ट निफाडच्या शेतकऱ्याला नवी नाही. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी बागेची नोंदणी आणि औषधांच्या अवशेषांची तपासणी लागते. तीच द्राक्षे स्थानिक बाजारात निराळ्या भावाने जातात. साठवणुकीचे मर्मही त्याला ठाऊक आहे : उन्हाळ कांदा चाळीत राखून भाव पाहून बाहेर काढला जातो. तरीही खेळाचे यंत्र माळ्यावर राखून ठेवण्याची रीत येथे रुजली नाही, आणि त्याचा दोष अज्ञानाकडे जात नाही. कांद्याला लासलगावी दररोज जाहीर होणारा भाव आहे; जुन्या टीव्ही-गेमला लिलावच नाही. ज्याचा भाव कोठेच बोलला जात नाही त्याची चाळ कोण बांधील?

शिवाय वस्तू वापरातून जाण्याची आणि नाहीशी होण्याची वेळ येथे बहुधा एकच असते. बिघडलेल्या यंत्राचे भाग दुसऱ्या यंत्राच्या दुरुस्तीत जातात आणि उरलेला सांगाडा भंगारात. १९९० च्या दशकात दूरदर्शनसंचांच्या विक्रीत ‘जुना द्या, नवा घ्या’ या योजना गाजल्या. त्यांनी जुना संच घरात उरण्याची शक्यताच कमी केली. याचा परिणाम खेळावरही झाला. बदकांवर नेम धरण्याची बंदूक चित्रनलिकेच्या संचावरच काम करते. सपाट पडद्यापुढे ती निरुपयोगी आहे. चित्रनलिका गेली तेव्हा तिच्याबरोबर खेळाचा एक प्रकार गेला. यंत्र आणि संच यांचा इतिहास वेगवेगळा लिहिणे किती अपुरे आहे हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

६. एक आक्षेप व समारोप

यावर असा आक्षेप संभवतो की, आता विक्रेता व ग्राहक यांची गाठ दूरसंचाराच्या जाळ्यावर पडत असल्याने जगाचा भाव निफाडलाही दिसतो आणि प्रादेशिक भेद मावळणे अटळ आहे. परंतु दिसणारा भाव आणि हाती येणारा भाव एक नव्हेत. नकलेची ‘कॅसेट’ ६० टोकांची, तर अमेरिकन निन्टेन्डोची ७२ टोकांची. ती एकमेकांत बसत नाहीत. बाहेरून यंत्र मागवावे तर शुल्क आणि नियम आडवे येतात. व्हिडिओ-खेळांची यंत्रे २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीविषयक आदेशातील मूळ १५ वस्तूंमध्ये समाविष्ट होती. आणि मुख्य म्हणजे संग्राहकांच्या जागतिक बाजारात नावहीन नकलेला फारसे स्थान नाही. जाळ्याने भेद दृश्यमान केले आहेत, पुसलेले नाहीत.

या चर्चेत पणाला काय लागले आहे, तेही स्पष्ट केले पाहिजे. काय जतन करावे याचा निर्णय जर संग्राहकांच्या भावावर सोडला, तर या प्रदेशातील मुलांनी ज्यावर प्रत्यक्ष खेळले ते यंत्र, ‘९९९९ खेळ एकात’ अशी अतिशयोक्त चिठ्ठी मिरविणारी ती पिवळी कॅसेट, शून्य किमतीची म्हणून नष्ट होईल. आणि पुढील अभ्यासकाला महाराष्ट्राच्या बालपणाचा इतिहास अमेरिकन पिढ्यांच्या कोष्टकातून वाचावा लागेल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम जुन्या उपकरणांना पुनश्चक्रणाच्या मार्गाने नेतात. पर्यावरणाच्या दृष्टीने ते इष्टच आहे. परंतु त्या मार्गावर वस्तूची नोंद ठेवण्याचे काम कोणावरही सोपविलेले नाही.

यास्तव ‘पिढी’ या परिमाणाच्या जागी वितरण, दुरुस्ती व उत्पन्नाचा हंगाम ही त्रयी घेऊन तालुकावार अभ्यास होणे अगत्याचे आहे. त्याची साधने दुर्मिळ नाहीत : दुरुस्तीच्या दुकानांतील वह्या, हप्त्याच्या विक्रीच्या पावत्या, दिवाळी अंकांतील व स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती आणि जुन्या तंत्रज्ञांच्या आठवणी. ही साधने आज उपलब्ध आहेत. ती भंगाराच्याच गतीने कमी होत आहेत. रानडे यांनी सिद्धान्ताला भूमी विचारली. निफाडच्या बाजारात तोच प्रश्न विचारावयाचा असेल, तर तो वह्या शिल्लक आहेत तोवरच विचारला पाहिजे.