कळंबच्या म्हशी, वैरागडचे हत्ती

यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब म्हटलं की आपल्याला चिंतामणी गणपती आठवतो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलला म्हशी आठवल्या. ‘आइन-ए-अकबरी’तल्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात कळंबच्या वाट्याला जेमतेम चार-सहा ओळी आल्यात, पण त्या सावकाश वाचाव्यात अशा आहेत.

त्यांचा क्रमच बघा. शहर जुनं आणि नावाजलेलं, एवढं सांगून झालं की लगेच म्हशींची ख्याती. मग शेजारचा गोंड जमीनदार बाबजीव, म्हणजे चांद्याचा राजा. त्याचे 1000 स्वार, 40,000 पायदळ. त्याच्या ताब्यातल्या वैरागडची हिऱ्यांची खाण, तिथलं नक्षीचं कापड, ते ठाणं त्याने नुकतंच दुसऱ्याकडून हिसकावल्याची बातमी. आणि सरतेशेवटी रानहत्ती. राजाच्या आधी म्हैस आणि हिऱ्यांच्या पंगतीत हत्ती! वऱ्हाड 1596 मध्ये निजामशाहीकडून मोगलांकडे गेलं, ग्रंथ 1598च्या सुमारास पुरा झाला. नव्या मुलखात काय काय हाती लागण्याजोगं आहे, ते टिपणारी ही कारकुनी नजर आहे. रानाचं कौतुक तिला नाही. तरी रान तिच्यातूनच आपल्यापर्यंत पोचलं, ही गंमत.

म्हशी रानटी की गोठ्यातल्या? मला त्या गोठ्यातल्याच वाटतात. हत्तींना अबुल फजल आवर्जून रानटी म्हणतो, म्हशींना म्हणत नाही.

हरीण मात्र या ओळींत नाही. याच ग्रंथात अकबराच्या हरणांच्या शिकारीचं वर्णन काय रंगून केलंय! पाळीव हरणाच्या शिंगांना जाळं बांधून त्याला रानातल्या नरावर सोडायचं. दोघं भिडले की रानातल्याची शिंगं नाहीतर कान जाळ्यात गुंततात. पुढे जहांगीरने मनसराज नावाच्या लाडक्या हरणाच्या आठवणीत शेखूपुऱ्याला मिनार उभारला. बादशहाच्या आवडीचं हरीण दगडावर चढलं. वऱ्हाडातलं काळवीट कागदावरही आलं नाही. माझा तर्क असा, की शेताशेतांत दिसणाऱ्या जनावराची नोंद कोण करणार?

2021 मध्ये छत्तीसगडातून हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, आणि धानाच्या नुकसानीच्या बातम्या आल्या. वैरागड आज त्याच जिल्ह्यात आहे. अबुल फजलच्या नोंदीत हत्ती आहेत. त्यांच्यापासून पीक राखणारा माणूस तिथे नाही.