सर्वांत मोठा प्रेशर फायटर कोण? आधी प्रश्न तपासू

बॉक्सिंगच्या इतिहासातले सर्वांत मोठे आक्रमक प्रेशर फायटर कोण, याची यादी करायला बसलं की काही नावं जवळजवळ ठरलेलीच असतात. हेन्री आर्मस्ट्राँग, रॉकी मार्सियानो, जो फ्रेझर, रोबेर्तो दुरान, हुलिओ सेझार चावेझ. भांडण होतं ते क्रमावरून. माझा आक्षेप क्रमाला नाही. यादीचं शीर्षक एक सांगतं आणि यादी मोजते भलतंच, हा माझा मुद्दा आहे. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी हे प्रकरण जरूर बघावं, कारण आपल्याही सिनॉप्सिसमध्ये नेमकी अशीच गफलत होते.

आधी व्याख्या

आक्रमक असणं आणि दबाव आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो सतत पुढे जातो तो आक्रमक. पण समोरचा गोल फिरतोय आणि हा त्याच्या मागे मागे चालतोय, तर तो दबाव नव्हे, तो नुसता पाठलाग. प्रेशर फायटर तिरका पाऊल टाकतो, समोरच्याची निसटायची वाट आधीच अडवतो आणि रिंग लहान लहान करत त्याला दोरांपाशी आणतो. मग जवळून, बरगड्यांवर आणि पोटावर मारत राहतो. समोरच्याला ज्या वेगाने लढायचं नाही, त्या वेगाने लढायला लावणं म्हणजे दबाव. चावेझ यात इतका तरबेज होता की तो घाईत आहे असं कधी वाटायचंच नाही.

आता ही व्याख्या नीट बघा. तिच्यात दोन माणसं आहेत. दबाव आणणारा एकटा उभा करून दबाव मोजताच येत नाही.

मग यादी काय मोजते?

यादी मोजते विजय, नॉकआउट आणि किताब. आर्मस्ट्राँगने एकट्या १९३७ मध्ये २७ लढती जिंकल्या, त्यातल्या २६ नॉकआउटने. ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांच्या आत त्याने फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट असे तीन गटांचे जागतिक किताब मिळवले आणि ते एकाच वेळी त्याच्याकडे होते. मार्सियानोचा हिशेब ४९ लढती, ४९ विजय, ४३ नॉकआउट. आकडे थक्क करणारे आहेत, वादच नाही. पण हे विजय दबावामुळे मिळाले, हे आकड्यांतून कुठे कळतं?

मार्सियानोचंच घ्या. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध १२ राउंड झाले तेव्हा तिन्ही कार्डांवर मार्सियानो मागे होता. तेराव्या राउंडमध्ये उजव्या हाताचा एक आखूड ठोसा बसला आणि लढत संपली. कोणी म्हणेल, हा ठोशाच्या ताकदीचा विजय. दुसरा म्हणेल, वॉलकॉट त्या क्षणी दोरांपाशी होता आणि त्याला तिथे दबावानेच आणलं होतं. दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं आहे. म्हणजे 'नॉकआउट' हा आकडा दबावाचा पुरावा म्हणून कच्चाच आहे.

ठोसे मोजण्याचंही तसंच. कॉम्प्युबॉक्स १९८५ मध्ये सुरू झालं. दोन माणसं बसतात, प्रत्येक जण एका बॉक्सरवर नजर ठेवतो आणि ठोसा मारला, ठोसा लागला की बटणं दाबतो. कामाची माहिती आहे. पण समोरचा किती पावलं मागे गेला, किती वेळा त्याला नको तिथे उभं राहावं लागलं, यासाठी बटण नाही. आपल्या हातातलं उपकरण जे मोजतं त्यालाच आपण हळूहळू संकल्पनेचं नाव देऊन टाकतो. प्रयोगशाळेत हे रोज घडतं.

एकच माणूस, दोन निकाल

८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. फ्रेझर खाली वाकत, डोकं हलवत अलीच्या लांब हातांच्या आत शिरत राहिला. पंधराव्या राउंडमध्ये डाव्या हुकने त्याला खाली पाडलं आणि एकमताच्या निकालाने जिंकला. २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. समोर जॉर्ज फोरमन. तोच फ्रेझर तसाच वाकत आत आला. फोरमनने त्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं आणि खालून वर येणारे ठोसे मारले. दोन राउंडमध्ये फ्रेझर सहा वेळा खाली गेला.

मी रसायनशास्त्राची, त्यामुळे मला इथे अॅसिटिक आम्ल आठवतं. पाण्यात ते दुर्बल आम्ल आहे, हे बारावीत पाठ केलेलं असतं. तेच द्रवरूप अमोनियात टाकलं तर तीव्र आम्लासारखं वागतं. रेणू तोच, बदललं ते प्रोटॉन घेणारं माध्यम. 'किती तीव्र?' या प्रश्नाला 'कशात?' हे विचारल्याशिवाय अर्थ नाही. 'किती मोठा प्रेशर फायटर?' यालाही 'कोणासमोर?' हे जोडावं लागतं.

यावर तुमची हरकत असेल, आणि असायलाच हवी: १९७३ चा फ्रेझर तोच होता कशावरून? मधल्या काळात तो अलीशी १५ राउंड खेळून इस्पितळात राहून आला होता आणि १९७२ मध्ये त्याने किताब राखला तो दोन दुय्यम प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. हरकत रास्त आहे. मग कमी अंतराचं उदाहरण घेऊ.

२० जून १९८०, मॉन्ट्रियल. शुगर रे लिओनार्ड जागेवर उभा राहून भिडला आणि दुरानने त्याला गुणांवर हरवलं. २५ नोव्हेंबर १९८०, न्यू ऑर्लिन्स. तीच दोन माणसं, मध्ये जेमतेम पाच महिने. या वेळी लिओनार्ड फिरत राहिला, जॅब मारून बाजूला होत राहिला आणि आठव्या राउंडमध्ये दुराननेच लढत सोडली. जणू आयताच मिळालेला प्रयोग! पण हाही स्वच्छ नाही. मधल्या काळात दुरानचं वजन बरंच वाढलं होतं आणि ते त्याने घाईने उतरवलं होतं. एकाच वेळी दोन चल बदलले. तरी 'दबाव कोणत्या अटींवर चालतो' हे या जोडीतून जितकं कळतं तितकं कारकिर्दीच्या एकूण आकड्यांतून कळत नाही. यादीत मात्र मॉन्ट्रियल दुरानच्या थोरवीत जमा होतं आणि न्यू ऑर्लिन्स त्याच्या स्वभावदोषात. माझ्या मते दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत.

खर्चाचा रकाना

१७ मार्च १९९०, लास व्हेगास. चावेझविरुद्ध मेल्ड्रिक टेलर. टेलर जास्त चपळ होता आणि शेवटचा, म्हणजे बारावा राउंड सुरू झाला तेव्हा तीनपैकी दोन जजांच्या कार्डांवर भरपूर पुढे होता. पण त्याच्या चेहऱ्याचं हाड मोडलं होतं आणि तो रक्त गिळत होता. बाराव्यात चावेझने त्याला पाडलं. तो उठला. रेफरी रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवली तेव्हा फक्त दोन सेकंद उरले होते. थांबवणं योग्य होतं का, यावर आजही भांडण चालतं. मला त्यात पडायचं नाही. मला दिसतं ते असं, की गुणपद्धती प्रत्येक राउंड सुटा धरते, तर दबाव साचत जातो. मोजमाप सुट्या राउंडचं आणि परिणाम साचणारा, मग कार्डावर हरणारा माणूस रिंगमध्ये जिंकत असू शकतो.

त्या रात्रीनंतर टेलर पूर्वीसारखा राहिला नाही. खर्च दबाव आणणाऱ्यालाही चुकत नाही, कारण आत शिरायचं तर वाटेतले ठोसे खावेच लागतात. १९७५ मध्ये मनिलात चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरला पुढे लढायचं होतं, पण डोळा सुजून बंद झालेला पाहून ट्रेनर एडी फच यांनी त्याला उठूच दिलं नाही. बॉक्सरांच्या मेंदूला होणाऱ्या इजेबद्दल हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहिलं होतं. तरी महानतेच्या यादीत खर्चाचा रकाना आजवर नाही. ज्या गुणाचं आपण कौतुक करतो तोच गुण माणसाला झिजवतो, हे यादीत कुठेच दिसत नाही. माझ्या दृष्टीने तिची सर्वांत मोठी उणीव हीच.

आणखी एक. यादीत फक्त विजेते असतात. तितक्याच जिद्दीने पुढे जाऊन हरलेल्यांना आपण 'सोशीक' म्हणतो आणि विसरतो. निकाल बघून नमुना निवडला की पद्धत यशस्वी दिसणारच.

मग मी कोणाला निवडेन?

प्रश्न बदलून विचारते: कोणाचा दबाव सर्वांत वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांवर चालला? या निकषावर मी आर्मस्ट्राँगला वर ठेवते. पीटी सॅरॉन, बार्नी रॉस आणि लू अँबर्स हे तीन गटांचे विजेते, आणि रॉस तर वजनाने त्याच्यापेक्षा मोठा. १९४० मध्ये तो मिडलवेटच्या सेफेरिनो गार्सियालाही भिडला आणि लढत बरोबरीत सुटली. चावेझला मी त्याच्या खालोखाल ठेवते. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, पण आता आपण कशावर भांडतोय हे दोघांनाही माहीत असेल.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'प्रभावी', 'उत्कृष्ट', 'कार्यक्षम' असे शब्द आले की प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा. कोणाच्या तुलनेत? किती काळानंतर मोजलं? आणि कोणत्या किमतीवर? आरआरसीपुढे कोणीतरी हे विचारणारच आहे.

सराव करायचा असेल तर मॉन्ट्रियल आणि न्यू ऑर्लिन्सच्या लढती समालोचनाचा आवाज बंद करून बघा. प्रत्येक राउंडमध्ये लिओनार्डची पाठ दोरांना किती वेळा लागते, तेवढंच वहीत मांडा. पण 'लागली' म्हणजे नेमकं काय, हे मोजायला बसण्याआधी ठरवा. मित्रालाही वेगळं मोजायला सांगा आणि मग दोघांचे आकडे शेजारी ठेवून बघा.