चरित्रकाराचे मौन

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे सर विल्यम वेडरबर्न यांनी लिहिलेले चरित्र १९१३ साली, ह्यूम यांच्या निधनानंतरच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. स्नेह्याने स्नेह्याचे लिहावे तसे ते आहे. इटाव्याचा कलेक्टर, पक्षिशास्त्रज्ञ आणि राष्ट्रसभेचा जनक ही ह्यूम यांची तिन्ही रूपे त्यात सविस्तर येतात. चौथ्या रूपाविषयी मात्र ग्रंथकार जवळजवळ गप्प आहेत. हे रूप थिऑसफीच्या नादी लागलेल्या ह्यूमचे होय.

तो नाद तीन-चार वर्षांचाच. १८७९ च्या डिसेंबरात अलाहाबादेस ‘पायोनियर’चे संपादक सिनेट यांच्याकडे ह्यूम यांची मादाम ब्लॅव्हॅट्स्कीशी भेट झाली. त्याच वर्षी सरकारने त्यांना सचिवपदावरून दूर केले होते. ३ ऑक्टोबर १८८० रोजी सिमल्यास ह्यूम यांच्याच घरी मेजवानी होती. ह्यूमबाईंचे हरवलेले एक छातीवरचे फूल मादामच्या सांगण्यावरून बागेतील मातीत सापडले आणि उपस्थितांनी तसा साक्षीलेख सह्यांनिशी करून दिला. तशाच एका फुलाची दुरुस्ती मादामने मुंबईच्या एका जवाहिऱ्याकडून करवून घेतल्याचे पुढे १८८५ च्या चौकशी-अहवालात आले, ते निराळे. १८८१ मध्ये ह्यूम सिमल्याच्या थिऑसफिकल शाखेचे अध्यक्ष झाले आणि हिमालयापलीकडील अदृश्य महात्म्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला.

ज्याने ८०,००० हून अधिक पक्ष्यांची कातडी व अंडी जमवली, त्याने आकाशातून पडणाऱ्या पत्रांवर विश्वास ठेवावा, याचे अनेकांना नवल वाटते. प्रस्तुत लेखकास ते तितकेसे वाटत नाही. ह्यूम महात्म्यांकडे गेले तेही नमुने गोळा करावयासच. प्रश्नांमागून प्रश्न विचारावेत, उत्तरांतील विसंगती दाखवावी, गुरूंनाही चार शब्द सुनवावेत, अशी त्यांची शिष्यवृत्ती होती. १८८२ मध्ये त्यांनी ‘एच. एक्स.’ या सहीने खुद्द ‘थिऑसफिस्ट’ मासिकातच महात्म्यांच्या वागणुकीवर टीका छापविली. पुढे ते त्या मंडळींतून बाहेर पडले. असा शिष्य कोणत्या मठात टिकला असता?

हे सारे गाळण्यात वेडरबर्न यांचा हेतू आपल्या मित्राचे हसे होऊ नये, इतकाच असावा. पण या गाळण्याची किंमत इतिहासाला मोजावी लागली. त्याच ग्रंथात ह्यूम यांचे एक टिपण त्यांनी छापले आहे. देशात उठावाची तयारी चालू असल्याच्या बातम्यांची सात मोठी बाडे आपणास दाखविण्यात आली, त्यांत ३०,००० हून अधिक बातमीदारांचे वृत्तांत होते, असे ह्यूम त्यात सांगतात. ही बाडे सरकारी दप्तरातील नव्हती. ती गुरु-चेल्यांच्या परंपरेतून आली, हे त्या टिपणावरूनच ध्यानी येते. परंतु ज्याला ह्यूम यांचे महात्मे ठाऊकच नाहीत, त्या वाचकाने ‘गुरू’ या शब्दाशी का थबकावे? १९१६ मध्ये लाला लजपतराय यांनी ‘यंग इंडिया’त राष्ट्रसभा ही साम्राज्याच्या रक्षणासाठी काढलेली ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ असल्याचे प्रतिपादले. पुढे ती उपपत्ती क्रमिक पुस्तकांत शिरली आणि तिच्या पुराव्यात ही सात बाडे आली. त्यांचे मूळ महात्म्यांच्या वर्तुळात शोधून बिपनचंद्र यांनी त्यांचा फोलपणा दाखविला, तो १९८८ मध्ये.

वेडरबर्न भोळे नव्हते. मुंबई इलाख्यातील या मुलकी अधिकाऱ्याने बाडांवर भरवसा ठेवला, कारण दक्षिणेतील दंगे त्यांनी पाहिले होते. स्वतःस दुसरा शिवाजी म्हणविणाऱ्या पुढाऱ्याने गव्हर्नर टेंपल यांच्या शिरावर पाचशे रुपयांचे इनाम लावल्याची आठवण ते याच संदर्भात देतात. ती १८७९ ची वासुदेव बळवंतांची धामधूम होय. म्हणजे असंतोष खरा होता आणि त्याचा दाखला चरित्रकारापाशी स्वतःचा होता. त्यासाठी सात बाडांची गरजच नव्हती.

ह्यूम यांच्यावर लिहिताना आमचे लेखक अजूनही वेडरबर्न यांच्याच वाटेने जातात; थिऑसफीचा प्रसंग आला की एका वाक्यात तो उरकतात. महात्म्यांची पत्रे १९२३ पासून छापील रूपात उपलब्ध आहेत आणि त्यांत ह्यूम यांच्याविषयी गुरूंच्या कपाळावरील आठ्या पानोपानी दिसतात. वर्गात ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’चा प्रश्न घालणाऱ्या शिक्षकाने ती वेडरबर्न यांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचावीत.